आर्डुइनोजेसन: किती मावेल, हे आधी विचारणारी लायब्ररी

परळच्या आमच्या जुन्या इमारतीत पंपाची खोली तळमजल्याच्याही खाली, चार पायऱ्या उतरून आहे. हिंदमाताच्या बाजूला पाणी तुंबू लागले, की आमच्याकडे पहिल्यांदा ओली होते ती हीच खोली. पुढच्या काही तासांत पाऊस किती पडणार, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे आणि सचिवांनी काढलेली सूचना काय आहे, या तीन गोष्टी प्रवेशद्वाराजवळच्या एका जुन्या टॅबवर सतत दिसाव्यात, म्हणून मी एक लहानसे यंत्र केले. त्यात खाली वायफाय असलेल्या ईएसपी८२६६ चिपचा नोडएमसीयू बोर्ड आहे आणि गच्चीवर आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड. टाकीची पातळी पाहून पंपाची मोटर सुरू करण्याचे कामही खालचाच बोर्ड करतो. दोन्ही बोर्ड आणि पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर मी लॅमिंग्टन रोडवरून आणले. सुट्या भागांविषयी मला फारसे लिहायचे नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे बदलतात. लिहायचे आहे ते या सगळ्यात माहिती वाचून तिची फोड करण्याचे काम जिच्यावर सोपवले त्या आर्डुइनोजेसन या लायब्ररीविषयी, म्हणजे तयार कोडच्या संचाविषयी. तीन पावसाळे मी ती वापरतो आहे. पहिले दोन सहाव्या आवृत्तीवर काढले आणि आता खालच्या बोर्डावर सातवी आहे.

ही लायब्ररी बेन्वा ब्लाँशों या फ्रेंच प्रोग्रॅमरने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली. ती एमआयटी परवान्याखाली मोफत मिळते, तिला दुसऱ्या कोणत्याही लायब्ररीची गरज लागत नाही आणि आर्डुइनोच्या लायब्ररी मॅनेजरमधून ती एका क्लिकवर बसते. जेसन मजकूर, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिलेली माहिती, आत द्यायचा आणि त्यातील मूल्ये नावाने मागायची, एवढेच तिचे काम आहे. संगणकावर हे काम क्षुल्लक वाटते, कारण तिथे मेमरी मोजायची सवयच राहिलेली नाही. नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये मात्र चालू माहितीसाठी एकूण २ किलोबाइट रॅम असते. त्यातच सगळे ग्लोबल व्हेरिएबल, त्यातच खालून वर वाढणारा हीप (प्रोग्रॅम चालू असताना मागून घेतलेली जागा) आणि त्यातच वरून खाली येणारा स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलची जागा). या दोघांच्या मध्ये पहारेकरी नसतो. ते एकमेकांत घुसले तर चिप कोणतीही तक्रार करत नाही. एखादे व्हेरिएबल आपोआप बदलते, मोटर नको तेव्हा चालू होते किंवा बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि आपण वायरिंग तपासत बसतो. कंपाइल झाल्यावर ‘ग्लोबल व्हेरिएबल इतके टक्के मेमरी वापरतात’ असे जे सांगितले जाते, त्यात स्टॅक आणि हीप धरलेले नसतात, हे तर अनेकांच्या लक्षातच येत नाही.

या पार्श्वभूमीवर सहाव्या आवृत्तीची जी गोष्ट सुरुवातीला जाचक वाटते, तीच मला तिची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ती म्हणजे, डॉक्युमेंट (फोड केलेली मूल्ये ठेवण्याची जागा) तयार करतानाच ते किती बाइटचे हवे हे आपल्याला आकड्यात सांगावे लागते. अंदाज करण्यासाठी लायब्ररीच्या संकेतस्थळावर असिस्टंट नावाचे साधन आहे. बोर्ड निवडायचा, नमुन्याचा मजकूर चिकटवायचा, की ते आकडा काढून देते. हिशेब हातानेही करता येतो. ८ बिट चिपवर प्रत्येक घटकाला ८ बाइट लागतात, ३२ बिट चिपवर १६, आणि कॉपी कराव्या लागणाऱ्या मजकुराची लांबी वेगळी. दिलेली जागा पुरली नाही, तर लायब्ररी शेजारच्या मेमरीवर लिहीत नाही. ती ‘नोमेमरी’ हा एरर परत देते. मजकूर अर्धवट आला तर ‘इन्कम्प्लीटइनपुट’, बिघडलेला असला तर ‘इनव्हॅलिडइनपुट’, आणि एकात एक असे दहाच्या वर थर निघाले तर ‘टूडीप’. हा शेवटचा एरर अनेकांना अनाठायी वाटतो, पण थरांची फोड करणारे फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावते आणि प्रत्येक वेळी स्टॅकचा थोडा भाग खाते, त्यामुळे बाहेरून आलेल्या मजकुराला किती खोल जाऊ द्यायचे याला मर्यादा हवीच.

पण आकडा सांगावा लागतो म्हणजे तो कोठे ठेवायचा हेही आपणच ठरवायचे असते, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली. पावसाच्या अंदाजासाठी मी ओपन-मेटिओ ही मोफत सेवा घेतली. तिच्याकडे दर तासाचा पाऊस मागितला, की आपण वेगळे काही सांगितले नाही तर सात दिवसांचा, म्हणजे १६८ तासांचा अंदाज येतो. त्यात एक यादी वेळांची आणि एक पावसाची. हा मजकूर पाहिला तर जेमतेम चार-साडेचार हजार बाइटचा. मी मनाशी म्हटले, दुप्पट जागा दिली म्हणजे झाले. प्रत्यक्ष हिशेब असा निघाला: वेळांच्या यादीचे १६८ घटक, प्रत्येकी १६ बाइट, म्हणजे २६८८. पावसाच्या यादीचे तेवढेच, आणखी २६८८. शिवाय प्रत्येक वेळ हा सोळा अक्षरांचा मजकूर आणि शेवटचा शून्य बाइट धरून सतरा, म्हणजे २८५६. एकूण ८२३२ बाइट, आणि यात बाकीची किरकोळ फील्ड, म्हणजे नाव दिलेली इतर मूल्ये, धरलेलीच नाहीत. मी दहा हजार बाइटचे स्टॅटिकजेसनडॉक्युमेंट घेतले आणि ते फंक्शनच्या आत लिहिले. हे डॉक्युमेंट फंक्शनच्या आत लिहिले की स्टॅकवर बसते, आणि ईएसपी८२६६ वर आपल्या स्केचला, म्हणजे प्रोग्रॅमला, मिळणारा स्टॅक आहे ४ किलोबाइटचा.

कंपायलरने चकार शब्द काढला नाही. बोर्ड सुरू झाला, वायफायला जोडला गेला, अंदाज मागवायला गेला आणि रीसेट झाला. पुन्हा सुरू, पुन्हा जोडणी, पुन्हा रीसेट. बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या सिरियल मॉनिटरवर कधी एक्सेप्शन २८ येत होते, कधी २९. म्हणजे नको त्या पत्त्यावरून वाचणे किंवा नको त्या पत्त्यावर लिहिणे. मी दोन संध्याकाळी वायफायच्या कोडमध्ये दोष शोधला, कारण जोडणी झाल्याबरोबर यंत्र पडत होते. दोष एका ओळीचा होता: डॉक्युमेंट हीपवर ठेवणारे डायनॅमिकजेसनडॉक्युमेंट घ्यायला हवे होते. या दोन प्रकारांतला फरक लायब्ररीच्या माहितीत स्पष्ट लिहिलेला आहे. मी तो वाचला नव्हता.

पुढे मला कळले, की हीपवर नेणे हाही अर्धाच उपाय आहे. खरा उपाय म्हणजे नको ते साठवायचेच नाही. त्यासाठी लायब्ररीत फिल्टरची सोय आहे. आपल्याला हव्या त्या फील्डची नावे एका छोट्या डॉक्युमेंटमध्ये ‘खरे’ म्हणून लिहायची आणि ते फिल्टर म्हणून द्यायचे. मग मजकूर वाचताना बाकीचे सगळे ओलांडले जाते आणि त्याला जागा दिलीच जात नाही. केवळ पावसाची यादी ठेवली, तेव्हा आठ हजारांची गरज पावणेतीन हजारांवर आली. त्याहून चांगले म्हणजे मुळातच कमी मागणे. त्या सेवेला किती दिवस हवेत ते पत्त्यातच सांगता येते. मला पुढचे सहा तास पुरतात, पण संध्याकाळी सहानंतर ते सहा तास दुसऱ्या दिवसात जाऊ लागतात, म्हणून मी दोन दिवस मागतो. अठ्ठेचाळीस घटक, ७६८ बाइट. दहा हजारांपासून इथपर्यंत येताना मी कोणतेही कसब दाखवलेले नाही, फक्त ज्याची गरज नाही ते काढून टाकत गेलो.

या टप्प्यावरची एक छोटी पण अडवणारी बाब सांगायला हवी. संपूर्ण उत्तर आधी स्ट्रिंगमध्ये उतरवून मग लायब्ररीला देण्याऐवजी थेट प्रवाहातून वाचायला दिले, तर तेवढी मेमरी वाचते, आणि सुरक्षित जोडणी वापरताना, जिथे एकेक रेकॉर्ड १६ किलोबाइटपर्यंत मोठे असू शकते, ही बचत मोलाची असते. पण सर्व्हरने उत्तर तुकड्यातुकड्यांनी पाठवले, तर प्रत्येक तुकड्याच्या लांबीचा आकडाही त्या प्रवाहात येतो आणि लायब्ररी ‘इनव्हॅलिडइनपुट’ म्हणून थांबते. एचटीटीपीची १.० ही आवृत्ती वापरायला सांगितले, की सर्व्हर तुकडे करत नाही. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे कित्येक जण पुन्हा स्ट्रिंगकडे वळतात.

आता सूचनेची गोष्ट. ती मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात लायब्ररीची हद्द कोठे संपते ते दिसते, आणि मराठीत मजकूर पाठवणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे. सचिव फोनवरून दोन-तीन शब्दांची सूचना टाकतात. ती जेसनमधून बोर्डाकडे येते आणि टॅबवरच्या पानावर दिसते. सुरुवातीला मी डॉक्युमेंटमधून मिळालेला मजकुराचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, तसाच एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. पण तो पॉइंटर डॉक्युमेंटच्या पोटातल्या जागेकडे बोट दाखवत असतो. फंक्शन संपले, की डॉक्युमेंट जाते आणि बोट रिकाम्या जागेकडे राहते. सूचना पहिल्यांदा बरोबर दिसली, दहा मिनिटांनी पावसाचा अंदाज आला आणि तीच जागा त्याने घेतल्यावर सूचनेच्या जागी चौकटी आणि प्रश्नचिन्हे उमटली. सहाव्या आवृत्तीत याची आणखी एक छुपी बाजू आहे. आपण बदलता येण्याजोगा कॅरेक्टर अॅरे (अक्षरांसाठीची सलग जागा) दिला, तर मेमरी वाचवण्यासाठी लायब्ररी मजकुराची कॉपी करत नाही. ती त्याच अॅरेत खुणा करून त्याच्याकडेच बोट दाखवते. म्हणजे डॉक्युमेंट जिवंत असले तरी तो अॅरे पुढच्या संदेशासाठी वापरला, की जुनी मूल्ये बिघडली. ही सोय जागा वाचवणारी आहे, पण ती आपोआप लागू होते, आणि नवख्या माणसाला ती कळायला वेळ लागतो.

मी दोष दुरुस्त केला तो असा: ३२ बाइटचा एक स्वतंत्र अॅरे घेतला आणि त्यात सूचना सुरक्षितपणे कॉपी केली. कॉपी करणारे फंक्शनही जपून निवडले. एसटीआरएनकॉपी मजकूर मोठा असेल तर शेवटचा शून्य बाइट लावत नाही आणि पुढचे वाचन भलतीकडे भरकटते, म्हणून एसटीआरएलकॉपी घेतले, जे मावेल तेवढेच घेते आणि शून्य नेहमी लावते. मेमरीच्या दृष्टीने काम निर्दोष झाले. त्याच आठवड्यात सचिवांनी सूचना टाकली: ‘उद्या पाणी नाही’. टॅबवर आले: ‘उद्या पाणी’, आणि पुढे एक काळी चौकट.

कारण मोजून पाहण्यासारखे आहे. डोळ्यांना ही सहा अक्षरे दिसतात. पण यूनिकोडमध्ये ‘द्या’ या एका जोडाक्षराचे चार घटक होतात: द, हलन्त, य आणि काना. पूर्ण सूचनेत देवनागरीचे १३ घटक आहेत, यूटीएफ-८ या बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे ३९. दोन मोकळ्या जागा मिळवून ४१, आणि शेवटचा शून्य धरून ४२. माझ्या अॅरेत शून्य सोडून ३१ बाइट मावत होते. ‘उद्या पाणी’ आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून २९ बाइट झाले. ‘नाही’मधल्या ‘न’चे तीनपैकी दोन बाइट आत आले आणि तिथे कात्री लागली. काळी चौकट म्हणजे तो अर्धा ‘न’. तळमजल्यावरच्या काकूंनी मला विचारले, “अरे, उद्या पाणी आहे की नाही?” आणि मला उत्तर देता आले ते सचिवांना फोन करूनच. मेमरी कोठेही फुटली नव्हती, कोठलाही एरर आला नव्हता, तरी सूचनेचा अर्थ उलटला होता.

त्यानंतर मी नियम केला आहे, की मजकूर मावला नाही तर तो कापून दाखवायचा नाही. लांबी आधी तपासायची, आणि जास्त असेल तर ‘सूचना लांब आहे, सचिवांशी बोला’ असे पूर्ण वाक्य दाखवायचे. अॅरे आता १९२ बाइटचा आहे, म्हणजे देवनागरीचे साधारण साठ घटक. जेसनमध्ये देवनागरी तिरप्या रेघेच्या यू-संकेतांनी लिहिलेली असेल तर प्रत्येक घटकाला येताना सहा अक्षरे लागतात आणि उलगडल्यावर तीन बाइट, हेही ध्यानात ठेवावे. लायब्ररी हे उलगडणे बिनचूक करते.

तिसरा प्रसंग गच्चीवरच्या नॅनोचा. तिथे लायब्ररी मजकूर वाचत नाही, तयार करते, आणि या दिशेने काम करताना तिची एक सवय मला धोक्याची वाटते. नॅनोच्या संदेशात सहा फील्ड होती: यंत्राचा क्रमांक, संदेशाचा क्रमांक, सेन्सरची तीन कच्ची वाचने आणि शेवटी टाकीची पातळी. सहा घटक, प्रत्येकी ८ बाइट, म्हणून मी डॉक्युमेंट नेमके ४८ बाइटचे ठेवले होते. पुढे विजेचा दाब पाठवावासा वाटला. ते फील्ड मी पातळीच्या आधी घातले आणि आकडा बदलायचा राहिला. सातव्या घटकाला जागा नव्हती. वाचताना जागा संपली तर लायब्ररी एरर देते, पण भरताना संपली तर मूल्य गुपचूप सुटते. संदेश व्यवस्थित जेसन म्हणून गेला, फक्त त्यात पातळी नव्हती. खालच्या बोर्डाने पातळी मागितली, ती नव्हती, आणि नसलेल्या फील्डला पूर्णांक म्हणून वाचले की उत्तर शून्य येते. टाकी रिकामी आहे असे समजून पहाटे अडीचला मोटर सुरू झाली. वरची टाकी आधीच भरलेली होती. रखवालदाराने भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून मेन स्विच बंद केला. पाणी ठरलेल्या वेळीच येणाऱ्या इमारतीत त्या अर्ध्या तासाची मला अजून खंत आहे.

यावर लायब्ररीत दोन्ही टोकांना उपाय आहेत, पण ते आपण आठवणीने वापरायला हवेत. भरून झाल्यावर ‘ओव्हरफ्लोड’ हे फंक्शन विचारून घ्यायचे, आणि त्याने हो म्हटले तर संदेश पाठवायचाच नाही. वाचणाऱ्या बाजूला फील्ड खरोखर आहे का आणि ते पूर्णांकच आहे का हे आधी विचारायचे, किंवा नसल्यास उणे एक धर असे उभ्या रेघेच्या चिन्हाने लिहायचे. ‘शून्य आले’ आणि ‘काहीच आले नाही’ यांतला फरक मोटर चालवणाऱ्या कोडमध्ये पुसला जाता कामा नये. लायब्ररीने सुटलेल्या मूल्याविषयी आपणहून ओरडायला हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे. जाता जाता आणखी एक: नॅनोची रॅम वाचावी म्हणून फील्डची नावे एफ मॅक्रोने फ्लॅशमध्ये, म्हणजे कोड साठवण्याच्या मेमरीत, ठेवली, तर सहावी आवृत्ती ती नावे डॉक्युमेंटमध्ये कॉपी करते, आणि मग ४८ चा हिशेब सहा फील्डनाही पुरत नाही.

इतके असेल तर लायब्ररी हवीच कशाला, हाताने फोड करावी, असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. तो लोकल कोणत्या स्टेशनाजवळ आहे हे दाखवणारे एक यंत्र करत होता आणि निओ-६एम या जीपीएस मॉड्यूलचा मजकूर एसटीआरटीओके फंक्शनने स्वल्पविरामांवर तोडत होता. घरात ते चुकत होते आणि गच्चीवर बरोबर येत होते. उपग्रह सापडले नाहीत की त्या वाक्यातली फील्ड रिकामी राहतात आणि स्वल्पविराम एकापुढे एक येतात. एसटीआरटीओके अशा सलग स्वल्पविरामांना एकच समजते, त्यामुळे प्रत्येक रिकाम्या फील्डमागे पुढची सगळी फील्ड एकेक घर मागे सरकतात आणि अक्षांशाच्या जागी तारीख वाचली जाते. शिवाय वाक्य साठवण्याचा त्याचा बफर ८० बाइटचा होता, आणि एनएमइएच्या (जीपीएस मजकुराच्या ठरलेल्या नमुन्याच्या) प्रमाणित वाक्याची कमाल लांबी ओळीच्या शेवटच्या दोन खुणा धरून ८२ असते, शून्य वेगळा. जीपीएसचा मजकूर जेसन नसतो, त्यामुळे तिथे आर्डुइनोजेसनचा उपयोग नाही. पण हाताने लिहिलेल्या फोडीत अशा जागा किती असतात हे त्यावरून दिसते. जेसनसाठी तर अवतरणे, संकेत आणि थर असे आणखी बरेच सांभाळावे लागते.

पर्यायांत जेएसएमएन ही सी भाषेतली लहानशी लायब्ररी मी नॅनोवर पाहिली. ती काहीच कॉपी करत नाही, मेमरी मागत नाही, फक्त कोणता तुकडा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो याची टोकन, म्हणजे नोंदी, भरून देते. टोकन कमी पडले तर तसे सांगते. ती प्रामाणिक आहे, पण नावे जुळवणे, आकडे काढणे, संकेत उलगडणे हे सगळे आपल्या गळ्यात. सीजेसन ही ईएसपी चिपच्या उत्पादकाच्या ईएसपी-आयडीएफ या साधनसंचासोबत वापरली जाते, प्रत्येक घटकासाठी हीपमधून वेगळी जागा मागते आणि शेवटी आठवणीने डिलीट न केल्यास ती जागा अडकून राहते. माझ्या कामाला या दोन्हींपेक्षा आर्डुइनोजेसन अधिक बसली.

जानेवारी २०२४ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिच्यात आकडा सांगण्याची अटच निघाली. आता एकच जेसनडॉक्युमेंट आहे, ते हीपमधून लागेल तशी जागा घेत वाढते. बदललेल्या मूल्यांची जागा ते पुन्हा वापरते, जे सहावीत होत नव्हते. तिथे तेच डॉक्युमेंट पुन्हा पुन्हा भरले तर ते आतून भरत जाई. अॅरेकडे बोट दाखवण्याची ती छुपी सोयही सातवीत काढून टाकली आहे, त्यामुळे माझ्या दुसऱ्या प्रसंगासारख्या चुकांचे एक दार बंद झाले. खालच्या बोर्डावर मी ती बिनदिक्कत वापरतो. परंतु गच्चीवरच्या नॅनोवर मी सहावीच ठेवली आहे आणि ८ बिट चिप वापरणाऱ्यांनी तसेच करावे असे मी सुचवेन. सातवीचा कोड मोठा आहे, हा भाग आहेच. पण त्याहून मोठे कारण असे, की दोन किलोबाइटच्या घरात कोणाला किती जागा हे लिहिताना ठरलेले असावे. मध्यरात्री चालू असताना ते ठरू नये. सातवीतही जागा संपल्यावर ‘नोमेमरी’ येतेच, पण ती कधी येईल हे त्या दिवशी हीपची काय अवस्था आहे त्यावर अवलंबून राहते, आणि ज्याने आकडा कधी लिहिलाच नाही त्याला तो मोजायचे सुचत नाही.

लायब्ररीचा आणखी एक गुण मला उशिरा कळला. ती आर्डुइनोशिवायही चालते. निव्वळ सी++ म्हणून ती संगणकावर कंपाइल होते. त्यामुळे माझे फोड करणारे फंक्शन मी लॅपटॉपवर अॅड्रेससॅनिटायझर हा मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस लावून चालवतो. नॅनोचा एक खरा संदेश घेतो आणि तो शून्य बाइटपासून पूर्ण लांबीपर्यंत प्रत्येक ठिकाणी कापून फंक्शनला देतो. शून्य लांबीला ‘एम्प्टीइनपुट’ आणि बाकी प्रत्येक अपुऱ्या लांबीला ‘इन्कम्प्लीटइनपुट’ यायला हवे, आणि कोठेही मोटर चालवण्याचा निर्णय व्हायला नको. हद्दीबाहेरचे एक वाचन झाले तरी सॅनिटायझर ओळ क्रमांकासह थांबवतो. बोर्डावर कित्येक तास खाणारा एखादा दोष इथे चहा गार व्हायच्या आत सापडतो. मात्र ६४ बिट संगणकावर प्रत्येक घटकाला जागा जास्त लागते, त्यामुळे सहावीचे आकडे तिथे वाढवून द्यावे लागतात, आणि ४ किलोबाइटचा स्टॅक संगणकावर नसतो, त्यामुळे माझी पहिली चूक या परीक्षेत कधीच सापडली नसती. ती सापडते फक्त मोठी डॉक्युमेंट फंक्शनच्या आत न लिहिण्याची सवय लावून घेतल्याने.

सध्या टॅबवरच्या पानाच्या तळाला मी बारीक अक्षरांत दोन आकडे ठेवले आहेत: एकूण मोकळी मेमरी आणि त्यातला सर्वांत मोठा सलग तुकडा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा झपाट्याने खाली येऊ लागला, तर हीपचे तुकडे पडत आहेत असे समजावे, कारण मग एकूण जागा असूनही मोठे डॉक्युमेंट मावत नाही. ते आकडे इमारतीत इतर कोणी वाचत नाही. मी मात्र रोज कामावर जाताना तिथे थांबून बघतो.